पावलांची नोंद

"अलकाताई, आता तुमच्या चपला काढा आणि महापात्रसाहेबांचे बूट घाला," डॉ. मधुरा वझलवार म्हणाल्या, आणि संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे वीस-बावीस खासदार सहलीला आलेल्या वर्गासारखे हसायला लागले.

दिल्लीबाहेरच्या एका प्रयोगशाळेच्या मैदानावर हा प्रकार चालला होता. खासदार अलका बर्गे यांनी साडी जरा वर खोचली, दोन नंबर मोठे बूट पायांत सरकवले आणि मैदानाच्या कडेनं फटक फटक करत पन्नास पावलं चालून दाखवली. समितीचे अध्यक्ष दीनबंधू महापात्र, सत्तरी उलटलेले ओडिशाचे गृहस्थ, तोवर नुसत्या मोज्यांवर गवतात उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मांडवातल्या पडद्यावर नाव उमटलं: अलका बर्गे. थोड्या वेळापूर्वी त्या स्वतःच्या चपलांनी चालल्या होत्या, तेवढ्यावर यंत्रानं त्यांची चाल टिपून ठेवली होती, आणि बूट बदलूनही ते फसलं नव्हतं. मैदानावर कॅमेरा कुठंच नव्हता. जमिनीत दीड हात खोल फक्त एक केबल पुरलेली होती, घरोघरी इंटरनेट आणते तसलीच, काचेच्या केसाएवढ्या तंतूची.

नावाखाली आणखी एक ओळ होती. उजव्या गुडघ्याला जुनी दुखापत.

अलकाताईंचं हसू तिथंच थांबलं. प्रचारात ट्रॉलीवरून उतरताना गुडघा मुरगळला होता, हे त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये त्यांनी मुद्दाम वझलवारबाईंना शेजारी बसवून घेतलं. बाई मूळच्या नागपूरच्या, चाळिशीच्या, भराभर बोलणाऱ्या. अलकाताईंनी निवडणुकीला उभं राहण्याआधी कोरेगावच्या शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवला होता. न समजलेली गोष्ट समजल्यासारखी मान हलवून सोडून देणं त्यांना जमत नसे.

"मला नववीच्या वर्गाला सांगतात तसं सांगा," त्या म्हणाल्या.

"केबलमध्ये आम्ही लेझरचे ठोके सोडतो," वझलवारबाई म्हणाल्या. "काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात बारीक बारीक दोष राहतात. प्रत्येक दोषावरून थोडासा प्रकाश मागे फिरतो. वर कुणी पाऊल टाकलं की जमीन हलते, तिच्याबरोबर काच अगदी कणभर ताणली जाते, आणि मागे फिरलेला प्रकाश बदलतो. तो परत यायला किती वेळ लागला, त्यावरून जागा कळते. चाळीस किलोमीटरची एक केबल म्हणजे दर मीटरला एक, असे चाळीस हजार कान."

"आणि माणूस ओळखता कसा?"

"ऐकण्याचं तंत्र जुनंच आहे, ताई. ओळखणं नवीन. टाच किती जोरात टेकते, दोन पावलांत किती वेळ जातो, वजन कुठल्या पायावर जास्त. हे सगळं मिळून दोन माणसांचं सारखं येत नाही."

उत्तर सरहद्दीवरच्या चौक्यांत हे यंत्र वर्षभर चालू होतं. तिथल्या प्रत्येक जवानाची चाल त्यात भरलेली होती, म्हणजे आपला कोण आणि परका कोण हे अंधारातही कळावं. आता सरकारनं राष्ट्रीय भूश्रवण विधेयक आणलं होतं. देशात जिथं जिथं केबल पुरलेली आहे, तिथं तिथं हे कान बसवायचे. रस्त्याखाली, बाजाराखाली, शाळेच्या फाटकाखाली. विधेयक तपासणीसाठी समितीकडे आलं होतं.

"या नोंदी किती दिवस ठेवता?" अलकाताईंनी विचारलं.

"कायमच्या."

"आणि बघू कोण शकतं?"

वझलवारबाई पहिल्यांदाच थांबल्या. "ते अजून ठरायचं आहे, ताई."

पुढच्या तीन बैठका अलकाताई याच एका मुद्द्यावर अडून बसल्या. त्यांच्याकडे एका जवानाच्या बायकोचं पत्र आलं होतं. वडील वारले म्हणून त्याचं मन ठिकाणावर नव्हतं. यंत्रानं चाल जड झाल्याची नोंद केली आणि त्याला चौकीवरून खाली आणलं. तिनं लिहिलं होतं, काय झालंय एवढं एक कुणी विचारलं असतं तरी चाललं असतं. शेवटी समितीनं सुचवलेली अट मंत्रालयानं मानली. विधेयकाचा निकाल लागेपर्यंत कुणाच्याही चालीची नोंद चोवीस तासांपलीकडे ठेवायची नाही.

"जवानांना तरी यातून वगळा," मंत्रालयाचे अधिकारी म्हणाले.

"अटीत 'कुणाच्याही' लिहिलंय," अलकाताई म्हणाल्या. "जवान त्यात येत नाहीत का?"

अट तशीच राहिली.

दिवाळीत त्या माहेरी, भैरेवाडीला गेल्या तेव्हा थोरले भाऊ, निवृत्त सुभेदार संपतराव फाळके, ओट्यावर बसले होते. आत ये म्हणाले नाहीत. वडील लवकर गेल्यावर अलकाताईंना याच भावानं शिकवलं, याच भावानं त्यांचं लग्न लावलं, आणि निवडणुकीत घरोघर फिरून बहिणीसाठी मतं मागितली. त्यांचा एकुलता मुलगा सुशांत, आता नायक सुशांत फाळके, उत्तरेच्या एका चौकीवर होता. सोळा हजार फुटांवर.

"अलके, पोरं जरा झोपायला लागली होती," संपतराव म्हणाले. "यंत्र ऐकतंय म्हटल्यावर पहारा हलका झाला होता. आता परत कानाला हेडफोन लावून माणसं बसवलीत. कुणामुळं?"

"दादा, यंत्र चालूच आहे. किती जण येतायत, कुठून येतायत, सगळं कळतं. फक्त कोण येतंय त्याची ओळख..."

"ओळखच तर पाहिजे! तिथं बर्फात समोरचं दिसत नाही. आपलाच माणूस आहे हे कळायला उशीर झाला तर काय होतं, ते मी बघितलंय."

"आणि उद्या तेच यंत्र भैरेवाडीच्या चावडीखाली बसलं म्हणजे? कोण कुणाच्या घरी गेलं, कोण मोर्चात चाललं, सगळं कायमचं लिहून ठेवतील. चालेल तुला?"

"मी काही चोर नाही."

"मी तरी कुठं चोर आहे? माझा गुडघा दुखतो एवढंच त्यानं सांगितलं, तरी मला उघडं पडल्यासारखं झालं."

संपतराव उठले. "तू सरहद्द नकाशावर शिकवलीस, अलके. मी तिच्यावर उभा होतो. माझा पोरगा आत्ता उभा आहे."

त्यानंतर त्यांनी बहिणीचा फोन घेणं बंद केलं. शालनवहिनी अधूनमधून चोरून बोलायच्या, सुशांतची खुशाली सांगायच्या आणि "हे आले" म्हणून घाईनं फोन ठेवायच्या.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन सुरू झालं. एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता समितीत कलम चौदा चर्चेला आलं. नोंदी किती काळ ठेवायच्या, ते ठरवणारं हेच कलम. फोन बैठकीच्या खोलीबाहेर ठेवावे लागत. अलकाताई बोलायला उभ्या राहणार एवढ्यात शिपायानं चिठ्ठी आणून दिली. वहिनींचा चार वेळा फोन आला. लगेच बोला.

त्या बाहेर आल्या.

"वन्सं," शालनवहिनींचा आवाज फाटला होता, "सुशांतच्या चौकीवर बर्फ आलं हो. पहाटे. डोंगराची कडाच आली. पाच जण होते. तिघं निघाले. सुशांत आणि तो लडाखचा पोरगा, स्टॅनझिन, ते दोघं..."

पलीकडे फोन कुणीतरी काढून घेतला. दोन महिन्यांनी भावाचा आवाज आला, अगदी सपाट.

"अलके, त्या यंत्रात माझ्या पोराची चाल होती. पुसलीस ना?"

फोन बंद झाला.

महापात्रांनी त्यांचा चेहरा बघूनच कलम चौदा पुढच्या आठवड्यावर ढकललं. अलकाताईंनी गाडीत बसताच वझलवारबाईंना फोन लावला.

"खरं सांगा. नोंदी आहेत?"

"नाहीत, ताई. चोवीस तासांत पुसायच्याच, म्हणून आम्ही त्या घेणंच बंद केलंय."

"असत्या तर सापडला असता?"

"मला माहीत नाही. चौकीखालून आमची केबल जाते, ती तुटलेली नाही. ऐकणारे ऐकतायत. वारा एवढा आहे की हेलिकॉप्टर उडत नाही, कुत्री पोचलेली नाहीत. दोनशे मीटरच्या उतारावर वीस-वीस फूट बर्फ पडलंय. कुठं खणायचं, हाच प्रश्न आहे."

अलकाताई आपल्या दिल्लीतल्या घरी येऊन बसल्या. संरक्षणमंत्र्यांच्या कार्यालयाचा नंबर त्यांच्याकडे होता. तीनदा त्यांनी तो काढला आणि तीनदा फोन खाली ठेवला. खासदाराचा भाचा आहे म्हटल्यावर मंत्री वर फोन करतील, वरचे आणखी वर करतील, आणि तिथं जे कोणी खणत असतील त्यांना दिल्लीला उत्तर द्यायला फावडं खाली ठेवावं लागेल. त्यांनी नवऱ्याला फोन केला. बर्गेसर म्हणाले, "मी भैरेवाडीला जातो, त्यांच्याजवळ बसतो. तू काही मनाला लावून घेऊ नकोस." पण मनाला लावून घेण्याजोगं दुसरं काही शिल्लकच नव्हतं. 'कुणाच्याही' हा शब्द त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता. मंत्रालयानं जवानांना वगळा म्हटलं होतं. त्यांनी ऐकलं नव्हतं. समितीत मिळालेल्या शाबासक्या आठवल्या की त्यांना शिसारी येत होती.

मंगळवार गेला. बुधवारची सकाळ गेली, दुपार आली. चहा तीनदा केला आणि तीनदा सिंकमध्ये ओतला. बर्फाखाली माणूस किती वेळ टिकतो, हे त्यांनी मोबाइलवर शोधलं आणि मोबाइल उपडा ठेवून दिला.

पावणेचार वाजता तो वाजला.

"ताई," वझलवारबाई चक्क रडत होत्या, "सापडले. दोघंही. जिवंत आहेत."

अलकाताई स्वयंपाकघरातच खाली फरशीवर बसल्या. काय बोलल्या ते त्यांना नंतर आठवलं नाही. वहिनींना फोन लावला तर तिथं आधीच कळलेलं होतं. मागं सगळी वाडी गोळा झाल्यासारखा गलका होता, कुणी हसत होतं, कुणी हुंदके देत होतं, आणि वहिनी एकच वाक्य परत परत म्हणत होत्या, "वन्सं, आहे हो पोरगं. आहे." भाऊ फोनवर आला नाही. त्या दिवशी अलकाताईंना त्याचंही काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी वझलवारबाई स्वतः घरी आल्या. डोळे सुजलेले, हातात कागद.

"हे मी समितीला लेखी देणार आहे, पण आधी तुम्हाला सांगते. आमच्या यंत्रात एक गाळणी आहे. गाळणी म्हणजे आज्ञावली. जमिनीतून शेकडो आवाज येतात, बर्फ तडकतं, पाणी झिरपतं, वारा घासतो. गाळणी प्रत्येक आवाज ओळखीच्या चालींशी ताडून बघते. चालीसारखा वाटला, मग माणूस आपला असो की परका, तर ठेवते, नाहीतर कचरा म्हणून फेकून देते. आता सांगा, बर्फाखाली आडवा पडलेला माणूस चालेल कसा?"

अलकाताईंनी खुर्ची पुढं ओढली.

"सुशांत चालत नव्हता, ताई. छपराचा पत्रा त्याच्यावर तिरका अडकला होता, म्हणून श्वासापुरती पोकळी राहिली. तो जेवणाच्या डब्यानं पत्र्यावर ठोकत होता. तीन ठोके, थांबायचं, दोन ठोके. हात चालेनासा झाला की स्टॅनझिन ठोकायचा. गाळणी चालू असती तर तिनं हे ठोके फेकून दिले असते. मी काल आमच्या प्रयोगशाळेतल्या लोकांच्या चाली भरून तेच ध्वनिमुद्रण तिच्यातून चालवून बघितलं. फेकले तिनं."

"मग ऐकलं कुणी?"

"तळावर कुंदनसिंह नेगी म्हणून हवालदार आहेत. नोंदी पुसायला लागलो तशी गाळणीला ताडायला काही उरलं नाही, म्हणून ती बंदच केली होती. तीन महिने नेगी हेडफोन लावून कच्चा आवाज ऐकतायत. बर्फ कसं वाजतं, पाणी कसं वाजतं, त्यांच्या कानात बसलंय. बुधवारी सकाळी वारा जरा पडला आणि ते म्हणाले, हे बर्फ नाही, बर्फ मोजून वाजत नाही. केबलवरची जागा काढली, तिथंच खणलं. अकरा फुटांवर सापडले."

अलकाताईंनी कागद हातात घेतला, पण अक्षरं दिसत नव्हती. छातीवरचा दगड बाजूला झाला होता, आणि तो होता तिथं अजून दुखत होतं.

संध्याकाळी महापात्र भेटायला आले. म्हातारा माणूस खुशीत होता. "अलकाजी, हे सभागृहात सांगा. तुमच्या अटीमुळे दोन जवान वाचले. विरोध एका वाक्यात संपेल."

"नाही सांगणार, साहेब."

"का?"

"हा योगायोग होता. सुशांत बर्फात वाट चुकून भटकत असता तर? मग त्याच्या चालीची नोंदच कामाला आली असती, आणि ती मी पुसली होती. वाचला म्हणून मी बरोबर, हे म्हणायचं तर गेला असता तेव्हा मी चूक, हेही म्हणावं लागलं असतं. कायदा यावर करता येत नाही. डॉक्टरबाईंचा कागद अहवालाला जोडा, सगळ्यांना वाचू दे. पण माझ्या भाच्याचं नाव माझ्या भाषणात नको."

महापात्रांनी मान हलवली. मग म्हणाले, "मग कलम चौदाचं काय करायचं?"

"मला दोन दिवस द्या," अलकाताई म्हणाल्या.

रविवारी सकाळी त्या लष्करी रुग्णालयात गेल्या. सुशांतला दिल्लीला आणलं होतं. डाव्या पायाची तीन बोटं काढावी लागली होती, नाकाचा शेंडा काळा पडला होता, पण उशीला टेकून तो संत्रं सोलत बसला होता. खिडकीपाशी संपतराव उभे होते. बहिणीला बघून त्यांनी मान फिरवली नाही, पण पुढंही आले नाहीत.

"आत्या, ये," सुशांत म्हणाला. "पप्पा कधीचे तुझी वाट बघतायत. मला म्हणाले, तुझी आत्या आली तर झोपेचं सोंग घेऊ नकोस."

"गप रे," संपतराव म्हणाले.

अलकाताई पलंगाच्या कडेला बसल्या. सांत्वनाचं काही बोलायला आल्या होत्या, पण तोंडून निघालं ते कामाचंच. "सुशांत, एक विचारू? तुमच्या चाली यंत्रात ठेवाव्यात का पुसाव्यात? तुझा बाप म्हणतो ठेवा. मी म्हणते पुसा. तू काय म्हणतोस?"

सुशांत हसायला लागला, खोकला आला, पाणी प्याला.

"आज विचारलंस, आत्या. चौकीवर आम्ही रोज बोलायचो यावर. स्टॅनझिन म्हणायचा, माझी ठेवा, मी रात्री गस्तीला असतो. आमचा एक जण म्हणायचा, माझी नको, घरचं टेन्शन आलं की माझी चाल बदलते, ते साहेबाला कशाला कळायला पाहिजे? आम्हाला कुणी विचारलंच नाही. पप्पांनी परस्पर ठेवा म्हटलं, तू परस्पर पुसा म्हटलंस. आम्ही काय, सामानात मोजलेले? विचारून ठेवा म्हणावं. नाही म्हणाला तर त्याचं ऐका. एवढंच."

बाहेर व्हरांड्यात चाकाची खुर्ची ढकलल्याचा आवाज आला आणि विरला.

अलकाताईंना त्या बाईचं पत्र आठवलं. तिनंही हेच लिहिलं होतं. त्यांनी ते वाचलं होतं, त्याच्या जोरावर भांडल्याही होत्या, आणि तरी जवानांना काय हवंय ते जवानांना विचारायचं राहूनच गेलं होतं.

"तुझं चुकलं," संपतराव खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. मग जरा थांबून, "माझंबी चुकलं. फोनवर मी जे बोललो ते... माणसानं तसं बोलू नये."

"दादा, तू बापाच्या जागी होतास."

"तुझ्याबी बापाच्याच जागी आहे की मी." एवढं बोलून त्यांनी पाठ केली आणि खिशातला रुमाल शोधू लागले. तो सापडेना, तेव्हा सुशांतनं संत्र्याच्या सालींखालचा कागदी नॅपकिन पुढं केला. संपतरावांनी त्यानं डोळे पुसले आणि संत्र्याचा रस झोंबला म्हणून जोरात ओरडले. नर्स धावत आली. तिघंही इतके हसले की ती रागावून परत गेली.

सोमवारी अलकाताईंनी कलम चौदा नव्यानं लिहिलं. नागरिकाच्या चालीची नोंद न्यायाधीशाच्या आदेशाशिवाय घेता येणार नाही. सैनिकाची नोंद त्याला विचारून, त्याच्या लेखी संमतीनंच ठेवावी. ती त्याला केव्हाही मागं घेता येईल, आणि नकार दिला म्हणून त्याचं काही बिघडता कामा नये. आणि प्रत्येक चौकीवर गाळणीशिवाय, स्वतःच्या कानांनी ऐकणारा एक तरी माणूस असलाच पाहिजे. हे शेवटचं वाक्य वझलवारबाईंनी सुचवलं होतं.

मंगळवारी अकरा वाजता समिती बसली. सचिव एकसुरी आवाजात एकेक कलम वाचू लागले. कलम नऊ. कलम दहा. खोलीत उबदार होतं, हिवाळ्याचं ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं. अलकाताई गेले सात दिवस धड झोपल्या नव्हत्या. कलम अकराला त्यांनी हनुवटीखाली हात घेतला. कलम बाराला डोळे मिटले. कलम तेरा त्यांनी ऐकलंच नाही.

त्यांना जाग आली ती खांद्यावरच्या हलक्या थापेनं. महापात्र वाकून उभे होते. बाकीचे सदस्य कागद गोळा करत होते, काही जण हळू आवाजात बोलत होते, आणि विरोधात बोलायची तयारी करून आलेले पंजाबचे सदस्य तोंडावर बोट ठेवून शेजाऱ्याला गप्प करत होते.

"अरे देवा," अलकाताई दचकून उठल्या. "कलम चौदा! मला बोलायचं होतं."

"झालं," महापात्र म्हणाले.

"काय झालं?"

"मंजूर झालं. एकमतानं. सगळ्यांनी तुमचा मसुदा आणि डॉक्टरबाईंचा कागद वाचला होता. कुणाला बोलायचंच नव्हतं. मतदानासाठी तुम्हाला उठवावं का, यावर तेवढी चर्चा झाली. नको असं ठरलं." त्यांनी अहवालाची प्रत पुढं सरकवली आणि आपलं पेन उघडून दिलं. "इथं सही करा, आणि घरी जाऊन झोपा."

अलकाताईंनी सही केली.